घरच्या पार्लरचा हिशेब: गल्ला, वही आणि महिन्याचा ताळा

दिवसभरात आठ गिऱ्हाइकं होतात, मोबाइलवर पैसे आल्याचे मेसेज येतात, पाकिटात नोटाही दिसतात. तरी महिनाअखेरीला वॅक्सचा डबा आणायला घरातूनच पैसे मागावे लागतात. घरून पार्लरचं काम नव्याने सुरू करणाऱ्या बहुतेक जणींना हा अनुभव येतो. काम भरपूर असतं, पण भाजी, मुलांची फी, भिशी आणि फेशियल किट असं सगळं एकाच पाकिटातून जात असतं. त्यामुळे धंद्याने काय दिलं आणि घराने काय घेतलं हे दिसतच नाही. ते दिसावं म्हणून ही सगळी पद्धत आहे. त्यासाठी अकाउंटिंग शिकावं लागत नाही. रोज रात्री दहा मिनिटं आणि महिन्यातून एकदा तासभर दिला की पुरतं.

आधी पैसा वेगळा करा

वही नंतर. पहिलं काम म्हणजे धंद्यासाठी स्वतःच्या नावाचं वेगळं बँक खातं उघडणं आणि भिंतीवर त्याच खात्याचा क्यूआर कोड लावणं. नवऱ्याचा किंवा मुलाचा क्यूआर अजिबात लावू नका. सोयीचा वाटतो, पण तुमची वर्षभराची कमाई त्यांच्या स्टेटमेंटमध्ये जाते. उद्या तुम्ही कर्जाला गेलात तर तुमच्या नावावर काहीच व्यवहार दिसत नाहीत, आणि त्यांना मात्र एवढे पैसे कुठून आले याचं उत्तर द्यावं लागू शकतं. नातं कितीही विश्वासाचं असलं तरी ही नोंद तुमच्याच नावावर हवी.

रोख पैशांसाठी झाकणाचा एक डबा ठेवा. हा तुमचा गल्ला. सुरुवातीला त्यात ५०० रुपये सुटे टाका: दहाच्या १० नोटा, वीसच्या ५, पन्नासच्या २ आणि शंभरच्या २. थ्रेडिंगचे पैसे देताना गिऱ्हाइक हमखास मोठी नोट काढतं. सुटे नसले की ‘राहू द्या, पुढच्या वेळी द्या’ म्हणावं लागतं आणि ते पैसे विसरले जातात.

घरासाठी पैसे लागणारच. ते गल्ल्यातून हवे तेव्हा न काढता दोन तारखा ठरवा, १ आणि १५. त्या दिवशी ठरलेली रक्कम घरच्या खात्यात टाका आणि वहीत ‘घरी दिले’ असं लिहा. मध्येच दोनशे रुपये काढावे लागले तर काढा, पण लिहून काढा. ‘घरी दिले’ हा धंद्याचा खर्च नाही. भिशीचा हप्ताही खर्च नाही. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता भरत असाल तर त्यातलं फक्त व्याज खर्चात धरायचं. २,२०० च्या हप्त्यात ३०० व्याज असेल तर खर्च ३०० रुपये. उरलेले १,९०० ही मुद्दलाची परतफेड. या तीन गोष्टी खर्चात घातल्या की चांगला चाललेला धंदाही तोट्यात दिसायला लागतो.

वहीची दोन पानं

२०० पानी लाँग बुक घ्या. मोबाइलमधली अ‍ॅपं चांगली असतात, पण हाताला वॅक्स लागलेलं असताना फोन उचलून नोंद करणं होत नाही आणि ‘रात्री टाकू’ म्हटलेलं राहून जातं. वहीला दोरीने पेन बांधून ठेवा. पुढे सवय झाली की तेच आकडे एक्सेलमध्ये चढवता येतात.

डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. डाव्या पानावर सात रकाने आखा: तारीख, गिऱ्हाइक, काम, रक्कम, रोख, यूपीआय, बाकी. उजव्या पानावर सहा: तारीख, काय घेतलं, कुठून, रक्कम, कसे दिले, बिल क्रमांक.

गिऱ्हाइकाचं नाव लिहिताना ‘काकू’, ‘ताई’, ‘मिसेस’ असं नुसतं लिहू नका. सोसायटीत तीन काकू असतात आणि दोन महिन्यांनी कुठल्या काकूंची बाकी हे आठवत नाही. ‘बी-३०४ काकू’ असं फ्लॅट नंबरासकट लिहा. घरी जाऊन काम करत असाल तर नावापुढे एरिया लिहा.

रकमेच्या रकान्यात दरपत्रकातला आकडा लिहायचा नाही. सूट देऊन खरोखर जेवढे लावले तेवढेच लिहायचे. कुणी खुशीने वरचे वीस रुपये दिले आणि ते गल्ल्यात टाकले, तर तेही जमेत येतात.

एका दिवसाचं पान उदाहरण म्हणून पाहू. सकाळी गल्ल्यात ५०० रुपये होते. भुवया आणि अप्पर लिप ८० रुपये, रोख. फुल आर्म्स आणि अंडरआर्म्स वॅक्स ३५० रुपये, यूपीआय. क्लीनअप ५०० रुपये. त्यातले ३०० रोख मिळाले, २०० बाकी. हेअरकट २५० रुपये, रोख. शिवाय मागची १५० रुपयांची बाकी एकीने आणून दिली, रोख. खर्चाच्या पानावर कापसाचा रोल १२० आणि रिक्षा ६०, दोन्ही रोख. संध्याकाळी घरी दिले २००.

दिवसाचं काम झालं १,१८० रुपयांचं. मागची बाकी १५० यात धरायची नाही, कारण ते काम ज्या दिवशी झालं त्या दिवशी लिहून झालेलं आहे. ती फक्त रोखीत मिळवायची आणि वहीच्या शेवटी ठेवलेल्या ‘बाकी’च्या पानावर ‘मिळाली’ म्हणून मारायची. हिशेबात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: तेच काम दोनदा जमेला धरलं जातं.

रात्रीचा ताळा

सकाळची शिल्लक ५००, अधिक आज आलेली रोख ७८०, वजा रोख खर्च १८०, वजा घरी दिले २००. गल्ल्यात ९०० रुपये हवेत. नोटा मोजा. ९०० निघाले तर वहीत बरोबरची खूण करा आणि झोपा.

नाही जुळले तर फरक कुठल्या बाजूला आहे ते पाहा. गल्ल्यात पैसे जास्त निघाले तर बहुधा एखादं काम लिहायचं राहिलंय, आणि नेहमी राहून जातं ते थ्रेडिंग, कारण ते पाच मिनिटांत उरकतं. पैसे कमी निघाले तर खर्च लिहायचा राहिलाय, सुटे देताना चूक झालीय किंवा घरातल्या कुणीतरी डब्यातून दूधवाल्याला पैसे दिलेत. फरक शंभर-दोनशेंचा असेल तर यूपीआयची रक्कम रोखीच्या रकान्यात पडलीय का ते आधी तपासा. तरी सापडलं नाही तर ‘फरक ५० कमी’ असं लिहून खरी शिल्लक पुढे घ्या. आकडा जुळवण्यासाठी खोटा खर्च लिहू नका. महिनाभरात ‘फरक’ किती वेळा आला हे तुम्हाला कळायला हवं.

यूपीआयचे पैसे गिऱ्हाइक निघायच्या आधीच स्वतःच्या अ‍ॅपमध्ये आलेले पाहा. समोरच्या मोबाइलवरचं हिरवं टिकमार्क पाहून समाधान मानू नका. पेमेंट कधी कधी पेंडिंग राहतं आणि नंतर परत जातं.

बाकी आणि अ‍ॅडव्हान्स

वहीची शेवटची दहा पानं बाकीसाठी ठेवा. प्रत्येक बाकीसमोर तारीख आणि दोन महिन्यांनी ओळखता येईल असं नाव. दर महिन्याच्या ५ तारखेला एक साधा मेसेज पाठवा: ‘ताई, १२ तारखेच्या क्लीनअपचे २०० राहिलेत, जमेल तेव्हा पाठवा.’ तारीख आणि काम लिहिलं की वाद होत नाही. मागायला अवघड वाटतं हे खरं आहे, पण हे तुमच्या मेहनतीचे पैसे आहेत.

ब्रायडलचं बुकिंग सुरू झालं की अ‍ॅडव्हान्ससाठी वेगळं पान उघडा. लग्नाची तारीख आणि ठिकाण, एकूण रक्कम, आलेला अ‍ॅडव्हान्स, उरलेली रक्कम, पॅकेजमध्ये काय काय आहे (ट्रायल, हेअरस्टाइल, साडी नेसवणं, सोबतच्या किती जणी) आणि लग्न पुढे गेलं किंवा मोडलं तर अ‍ॅडव्हान्सचं काय, हे त्यात लिहा. हेच सगळं मेसेजने त्या घरी पाठवा आणि ‘ओके’ उत्तर आल्यावरच तारीख पक्की धरा.

समजा नोव्हेंबरात १५,००० च्या पॅकेजचे ५,००० आले आणि लग्न फेब्रुवारीत आहे. ते ५,००० गल्ल्यात किंवा खात्यात आहेत, पण अजून कमाई नाहीत. काम व्हायचंय, सामान आणायचंय, मदतनीस मुलीला द्यायचेत. हे पैसे दिवाळीच्या खरेदीत गेले की फेब्रुवारीत मेकअपचं सामान उसनवारीने आणावं लागतं. म्हणून अ‍ॅडव्हान्स रोजच्या पानावर ‘काम’ म्हणून न लिहिता फक्त ‘अ‍ॅडव्हान्स आला’ असं लिहा. लग्नाच्या दिवशी पूर्ण १५,००० कामात धरा. मदतनिसाचे पैसे शक्यतो यूपीआयने द्या. रोख दिले तर वहीत तिची सही घ्या.

सामान: डब्यावरच हिशेब

दर ठरवताना चूक होते ती सामानाच्या अंदाजात. त्याला एक सोपा उपाय आहे. ८०० ग्रॅमचा वॅक्सचा डबा उघडलात की मार्करने त्यावर तारीख आणि किंमत लिहा, आणि प्रत्येक फुल आर्म्सनंतर एक रेघ मारा. हाफ लेग्जसारख्या दुसऱ्या कामांना तुमच्या अंदाजाने अर्धी, एक किंवा दीड रेघ धरा. मात्र एकदा ठरवलेलं माप बदलू नका. डबा संपला की रेघा मोजा. ६४० रुपयांच्या डब्यावर १६ रेघा निघाल्या तर एका वेळच्या फुल आर्म्सला ४० रुपयांचं वॅक्स लागलं. त्यात स्ट्रिप, पावडर, कापूस, आफ्टरवॅक्स जेल असे आणखी १२ मिळवा. सामान ५२ रुपयांचं.

पुढच्या डब्यावर ११ च रेघा निघाल्या तर वॅक्सचा खर्च ५८ वर गेला. कारण शोधा. वॅक्स पुरेसं गरम न करता लावलं की घट्ट राहतं आणि थर जाड बसतो. थंडीत हे फार होतं. चाकूला आणि डब्याच्या कडेला राहिलेलं वॅक्स फेकलं जात असेल. किंवा घाईत रेघा मारायच्या राहिल्या असतील.

फेशियल किटचं गणित थोडं वेगळं आहे. बॉक्सवर सहा फेशियल लिहिलेलं असतं, पण सगळ्या बाटल्या एकदम संपत नाहीत. मसाज क्रीम आधी संपतं आणि पॅक उरतो. म्हणून किटची किंमत बॉक्सवरच्या आकड्याने भागू नका. पहिली बाटली संपेपर्यंत जितकी फेशियल झाली त्या आकड्याने भागा. मुदत संपून फेकलेलं सामान, जाऊबाईंना किंवा बहिणीला फुकट केलेलं फेशियल, स्वतःला लावलेला हेअर कलर हेही डब्यावर किंवा वहीत नोंदवा. फुकट केलंत म्हणून सामान लागत नाही असं थोडंच आहे.

बिलं आणि बिनबिलाचे खर्च

क्रॉफर्ड मार्केट किंवा रविवार पेठेतून होलसेलमध्ये सामान आणताना पक्कं बिल मागा. त्यावर दुकानाचं नाव, तारीख आणि मालाचं वर्णन हवं. ‘कॉस्मेटिक्स ३,५००’ एवढ्याच ओळीचा उपयोग कमी. बिलावर कोपऱ्यात १, २, ३ असा आपला क्रमांक टाका आणि तोच वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहा. गुळगुळीत कागदावर छापलेली बिलं काही महिन्यांत पांढरी पडतात, त्यामुळे त्यांचा फोटो त्याच दिवशी काढून महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका, आणि तो फोल्डर ड्राइव्हवर असू द्या. फक्त मोबाइलमध्ये ठेवलेले फोटो मोबाइलबरोबर जातात.

रिक्षाचं बिल मिळत नाही. ‘कुठून, कुठे, कशासाठी, किती’ असं वहीत लिहिलं की झालं. स्वतःची स्कूटर असेल तर १ तारखेचं किलोमीटर रीडिंग लिहा आणि कामाच्या फेऱ्यांचे किलोमीटर टिपत जा. महिन्यात ४०० किलोमीटर झाले, त्यातले १४० कामाचे, पेट्रोल ९०० रुपयांचं; तर कामाचा वाटा ३५ टक्के म्हणजे ३१५ रुपये.

विजेचंही असंच. स्टीमर ७०० वॅटचा असेल आणि महिन्यात ६० वेळा १५ मिनिटं चालला तर १५ तास, म्हणजे साडेदहा युनिट. ड्रायर, वॅक्स हीटर, खोलीतला पंखा यांचेही युनिट असेच काढून बेरीज करा आणि एकदा निघालेला आकडा तीन महिने तसाच वापरा.

घरून सेवा देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपतर्फे काम घेत असाल तर खात्यात कमिशन कापून रक्कम येते. गिऱ्हाइकाने १,००० भरले आणि तुम्हाला ८०० आले, तर जमेत १,००० लिहा आणि खर्चात कमिशन २००. जीएसटी नोंदणीसाठी वर्षाची उलाढाल मोजताना हजारच धरले जातात.

महिन्याचा एक तास

महिन्याच्या शेवटच्या रात्री रकान्यांच्या बेरजा करा आणि यूपीआयची बेरीज बँक स्टेटमेंटशी ताडून पाहा. मग सामानाची शिल्लक मोजा. उघडलेल्या बाटल्या सोडून द्या, फक्त सीलबंद माल मोजा. लग्नसराईआधी एकदम माल भरला की तो महिना उगाच तोट्याचा दिसतो, म्हणून खरेदी आणि वापर वेगळे काढावे लागतात. महिन्याच्या सुरुवातीचा माल ३,५००, खरेदी १४,२००, शेवटी उरलेला माल ८,५००. तर वापरलं ९,२०० चं.

आता महिन्याचं काम ३८,४०० धरा. त्यातून वापरलेलं सामान ९,२००, प्रवास १,६००, फोन, वीज आणि टॉवेल धुलाई मिळून २,३०० वजा. शिवाय खुर्ची, स्टीमर, ड्रायर यांची झीज. १२,००० ची खुर्ची पाच वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला २००. सगळ्या वस्तूंची मिळून समजा ७००. हे ७०० दरमहा बाजूला टाकले की नवी खुर्ची घ्यायला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. उरले २४,६००. त्या महिन्यात १२० तास काम केलं असेल तर तासाला २०५ रुपये पडले. दर वाढवायचा की नाही हे या आकड्यावरून ठरवा. शेजारच्या पार्लरमध्ये किती घेतात ते नंतर पाहता येईल. प्रवासाचे तासही १२० मध्ये धरायला विसरू नका. घरी जाऊन केलेली कामं बऱ्याचदा तिथेच महाग पडतात.

आयकर, जीएसटी, उद्यम

सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याखाली असाल आणि नोंदणी नसेल तर पावतीवर जीएसटी लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, पण त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे सामान घेताना भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही.

आयकरात छोट्या धंद्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी ते कलम ४४ एडी. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के आणि रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा आणि आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरायचा. वर्षाची उलाढाल ४,८०,००० असेल, त्यात ३ लाख यूपीआय आणि १,८०,००० रोख, तर किमान नफा १८,००० अधिक १४,४०० म्हणजे ३२,४००. पण हा किमान आकडा आहे. खरी कमाई जास्त असेल तर तीच दाखवायची. कर वाचतो म्हणून सगळ्यात कमी आकडा टाकला की पुढे कर्ज मागताना बँक तोच आकडा पाहते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त आहे आणि १२ लाखांपर्यंत धंद्याच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे खरा आकडा दाखवून बहुतेकींचं काहीच जात नाही. रिटर्न भरण्याआधी आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण उघडून बँकेचे आकडे तुमच्या वहीशी जुळतात का ते पाहा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. तिथे तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक स्टेटमेंट आणि भरलेली रिटर्न्स कामी येतात.

३१ मार्चला रात्री सीलबंद माल मोजा, गल्ला मोजा, खात्याची शिल्लक लिहा आणि रेघ मारून वही बंद करा. १ एप्रिलला नव्या वहीच्या पहिल्या पानावर पाच आकडे उतरवा: गल्ल्याची शिल्लक, खात्याची शिल्लक, मालाची किंमत, येणं असलेली एकूण बाकी आणि ज्यांची कामं अजून व्हायची आहेत असे अ‍ॅडव्हान्स. जुनी वही, बिलांचं पाकीट आणि भरलेल्या रिटर्नची प्रत एकत्र बांधून त्यावर वर्ष लिहा आणि किमान आठ वर्षं जपून ठेवा.